समोरच्या घरातला सोमल

३ सप्टेंबर
ग्रंथाचे शेवटचे प्रकरण आज आरंभले. समोरच्या घरातल्या औषधविक्याने शंभर वर्षांपूर्वी बायकोला विष घालून मारले, त्या खटल्यावरचा हा पहिला निर्दोष ग्रंथ. प्रकाशकांना वर्षअखेरची मुदत दिली आहे. मला तेवढीही लागणार नाही.

संध्याकाळी व्यत्यय. ‘मर्डर वॉक’ नावाचा प्रकार. एक गाइड पोरगी घोळका घेऊन खिडकीखाली उभी. दुसऱ्याच्या मरणाची सहल काढणारी ही जमात. विष दुधातून दिले, म्हणाली. सोमल खोकल्याच्या औषधातून दिला होता, हे मी वरून शांतपणे सांगितले. सौ.च्या मते चौकापर्यंत ऐकू गेले.

४ सप्टेंबर
संकल्प: खिडकी बंद, लेखन चालू.
आज तिने औषधविक्याला फाशी दिली. तो तुरुंगात न्यूमोनियाने मेला. खिडकी उघडणे भाग पडले. टाळ्या पडल्या. काही श्रोते अगदीच टाकाऊ नाहीत.

१६ ऑक्टोबर
घोळका दुप्पट, अज्ञान चौपट. आज मेली ती बायको नव्हे, सासू. उलटतपासणीसकट सगळा खटला समजावून द्यावा लागला. प्रकरण जागच्या जागी. सौ. म्हणते, अहो, ती मुद्दाम चुकते; खाली लोक आधी विचारतात, वरचे सर आज आहेत ना? सौ.ला माणसांची पारख कधीच नव्हती.

२ नोव्हेंबर
इमारतीच्या चिटणिसांकडे लेखी तक्रार दिली: गोंगाटामुळे संशोधन ठप्प. ते म्हणाले, गोंगाटाच्या तक्रारी आधीच आल्यात, पण त्या तुमच्याविरुद्ध. मत्सर.

२० नोव्हेंबर
विजय. वॉक आता मागच्या गल्लीतून जातो. संपूर्ण शांतता. लेखन शून्य. शांतता अंगवळणी पडायला वेळ लागतो.

२७ डिसेंबर
प्रकाशकांचा फोन. हस्तलिखित तयार नसेल तर गाइडबाईंचे पुस्तक आधी काढतो, म्हणाले. एकदा तपासून द्याल का, असेही. आनंदाने, म्हटले. लाल पेन नवे आणले.

२९ डिसेंबर
दिवसभर तपासले. एकही चूक नाही. उलटतपासणी तर शब्दशः माझी, खोकल्याच्या ठसक्यासकट. आभार: ‘वरचे सर, ज्यांनी सगळे पुस्तक सांगितले.’

लिहिण्याचे टेबल मागच्या खोलीत हलवले. गल्लीच्या बाजूला उजेड बरा येतो. सौ. म्हणाली, वॉक सहाला असतो, आत्ता पाच वाजलेत. चहा घेऊन मग बसा.