गाऱ्हाण्यातलं 'नाय'

६ फेब्रु.
लेकाचा, सुहासचा, मुंबईहून फोन. जागेला गिऱ्हाईक पक्कं, गोव्याचं. आपल्या सड्यावर, कातळावरच्या बागेत, हॉटेल बांधणार. सौ.ला गुडघ्यांमुळे विहिरीपर्यंत जाववत नाही, लेकाकडे जाऊ म्हणते. तिचं चुकतं कुठे? मी होय म्हटलं. आमदारकीच्या दोन टर्म पक्ष सांगेल तिथे होयच म्हणालो, घरात एकदा म्हणायला काय जातं.

९ फेब्रु.
मोजणीवाले येऊन गेले. काजूला मोहोर बरा. या कातळावर गवताशिवाय काही नव्हतं तेव्हा सुरुंग लावून खड्डे काढले. माती हिने खाडीकाठावरून डोक्यावर आणली. लोक म्हणत, येडो झालो. पुढे त्यांनीच निवडून दिलं. फार वाईट वाटतंय आज.

१४ फेब्रु.
विकण्याआधी राखणदाराला, जागा राखणाऱ्या देवाला, सांगायला हवं. सुहास आलाय. गाऱ्हाणं घालायला बाळा गावकराला बोलावलं. बांधावरच्या राखणदाराच्या दगडापुढे नारळ, विडा. टळटळीत दुपार, वारा पडलेला. गावकराने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्यो तुझो चाकर जागा सोडून जाता, तेका मोकळो कर रे म्हाराजा."
यावर सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. कोणीतरी म्हणालं,
"नाय म्हाराजा."
स्पष्ट. गाऱ्हाण्यात नाय म्हणायची रीतच नाही.
घरी येताना हिला विचारलं, कोण बोललं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमीच. पन्नास वर्सां आयकतंय तो आवाज."
मी तोंड उघडलं नव्हतं. शपथेवर लिहितो.

१५ फेब्रु.
सुहास म्हणतो, वय झालं, निसटलं असेल. असेलही. सकाळी एकटाच दगडापाशी गेलो. मोठ्याने 'व्हय म्हाराजा' म्हटलं, दोन-तीनदा. काही झालं नाही. हलकं वाटलं. परतलो तर ही दारापुढच्या खळ्यात उभी, डोळे सुजलेले.
"नाय नाय म्हणान वरडण्यापरास आदी माका सांगूचा व्हता."
भीती वाटली. तिची नाही, माझी.

१८ फेब्रु.
उद्या सावंतवाडीला रजिस्ट्रेशन. साहेब विचारणार, राजीखुशीने विकता ना? तोंडाने उत्तर द्यावं लागतं. काय बाहेर पडेल कोण जाणे.
हिने बॅगा भरल्यात. सुहास गाडी बघायला गेलाय. दुपारपासून मी कोणाशी चकार शब्द बोललेलो नाही, इथे पडवीत बसून लिहितोय. ही मात्र स्वयंपाकघरातून मला उत्तरं देते आहे. मधूनच हसली. आत्ता म्हणाली, "बरा तर. ऱ्हवया हयसरच, आपल्याच घरात."