चिसोमोची निगेटिव्ह

मी, पद्मिनी गुरुनाथ सोनटक्के, वय सेहेचाळीस, छायाचित्रांचे प्रिंट काढण्याचा व्यवसाय, राहणार शॉमबर्ग, इलिनॉय, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या गुरुवारी सकाळी सात वाजता माझ्या डोक्यातली गाठ काढणार आहेत. गाठ डोक्यातच असल्यामुळे पुढे कोणी म्हणेल की बाईचं चित्त ठिकाणावर नव्हतं, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहत्या घरातला माझा हिस्सा पती गुरुनाथ यांना. तळघरातली डार्करूम त्यांनी लगेच मोडू नये. वर्षभर थांबावं.

२. माझ्या नावावरची सर्व बचत कन्या आन्या, वय सतरा, हिच्या शिक्षणासाठी. विषय तिचा तिने निवडावा. "मॉम, व्हॉट इफ आय पिक पॉटरी?" असं तिने परवा विचारलं. पॉटरी चालेल.

३. माझ्या चारही बांगड्या अकोल्याच्या थोरल्या बहिणीला, शैलाताईला. कारण लिहिणं भाग आहे. आमचे बाबा, राजाराम, यांचा अकोल्यात फोटो स्टुडिओ होता. स्थळांना पाठवायचे मुलींचे फोटो तिथे निघत. निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरखाली चेहऱ्यावर क्षणभर हाताची सावली धरली की कागदावर तेवढा भाग उजळतो. हे मी चौदाव्या वर्षी शिकले आणि ताईचा फोटो उजळला. लग्न ठरलं, तिची बारावीची परीक्षा राहिली ती राहिलीच. सासरी पहिल्याच दिवशी सासूबाईंनी विचारलं, "फोटोतली कुठे ठेवून आलात?" ताईने मला कधी बोल लावला नाही. लावायला हवा होता.

४. डार्करूमच्या कपाटातली एक निगेटिव्ह माझी नाही. ती मलावीच्या छायाचित्रकार तियामिके फिरी यांची आहे. लवकर लग्न लावून दिलेल्या आणि पुन्हा शाळेत आलेल्या मुलींचे फोटो त्या काढत होत्या. गावोगावच्या शाळांत ते लावायचे, म्हणजे घरी बसलेल्या मुलींना धीर येईल, असा त्यांचा बेत होता. त्यांतलीच चिसोमो, तेव्हा चौदा वर्षांची, गणवेशात, पहिल्या बाकावर, वही छातीशी धरून. आठ वर्षांपूर्वी तियामिकेसाठी तिचा प्रिंट मी काढला आणि हात आपोआप तिच्या चेहऱ्यावर गेला. मला कळलंही नाही. माझे दीर राजेश भावजी यांच्या, मुलींच्या शिक्षणासाठी निधी जमवणाऱ्या संस्थेने तो प्रिंट पोस्टरवर छापला. ते पाहून चिसोमो तियामिकेला म्हणाली, "ही मी नाही. गावातल्या मुली मला ओळखणारच नाहीत, मग माझ्यामागून येतील कशा?"

तियामिकेने तीनदा निगेटिव्ह मागितली. मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या कोणी खरा प्रिंट काढला असता, तर मी काय केलं ते सगळ्यांना दिसलं असतं. आता भावजींना शनिवारच्या कार्यक्रमासाठी आणखी मोठं पोस्टर हवं आहे, त्यासाठी नवा प्रिंट आणि निगेटिव्ह दोन्ही हवीत. "वहिनी, आहे तस्साच उजळ ठेवा हं. डार्क फोटो लोक बघत नाहीत, यार." गुरुनाथ त्यांना म्हणाले, "घेऊन जा, पद्मिनी नाही म्हणणार नाही." मी तिथेच उभी होते आणि नाही म्हणाले नाही.

~~म्हणून माझ्या मृत्यूनंतर ही निगेटिव्ह तियामिके फिरी यांना द्यावी, राजेश यांना देऊ नये.~~

५. वरील कलमातला शेवटचा मजकूर मी स्वतः खोडला आहे. शेजारच्या सुमित्रा काकू आणि विद्यार्थी प्रथमेश साक्षीदार म्हणून सही करायला आले, तेव्हा काकूंनी चष्मा लावून सगळं वाचलं. म्हणाल्या, "अगं, ही तिची वस्तू ना? मग तू मरेपर्यंत तिने का थांबायचं?"

मी म्हटलं, "काकू, ती फोन घेणार नाही."

"लावून तरी बघ. प्रथमेश, तू जरा बाहेर थांब."

"थांब रे इथेच," मी म्हटलं.

तियामिके हल्ली अटलांटाला शिकवतात. तिसऱ्या रिंगला त्यांनी फोन उचलला. मी भावजींच्या नव्या पोस्टरची गोष्ट सोडून सगळं सांगितलं, ऑपरेशनही. त्या म्हणाल्या, "कुरियरने पाठवू नकोस. बुधवारी मी येते. चिसोमो आता शिक्षिका आहे, तिला तिच्या वर्गात लावायला प्रिंट हवा आहे. तो तूच काढायचास. मी शेजारी उभी राहीन."

फोन ठेवून मी वरचं वाक्य खोडलं.

६. निगेटिव्ह आन्याकडे दिली आहे. बुधवारपर्यंत ती कोणालाही देणार नाही, वडिलांनाही नाही. गुरुनाथ सहा वाजता घरी येतील, त्यांच्याबरोबर भावजीही. दोघांना "नाही" मी स्वतः सांगणार आहे. हा कागद त्यानंतरच त्यांच्या हाती द्यावा.

वरील मजकूर मी वाचला, मला तो मान्य आहे, खाडाखोडीसह.

सही: पद्मिनी गुरुनाथ सोनटक्के

आमच्यासमक्ष सही केली, तेव्हा त्या पूर्ण शुद्धीवर होत्या:
१. सुमित्रा वसंत आगाशे, शेजारी
२. प्रथमेश बोंद्रे, विद्यार्थी

स्थळ: शॉमबर्ग, इलिनॉय
दिनांक: १३ ऑक्टोबर २०२५, सोमवार, दुपारी साडेचार