ताईच्या कोंबड्यांची देखरेख

२ मे

ती. ताईस,
तुझ्या सात कोंबड्यांच्या हंगामी रखवालदाराचा सा. न. वि. वि.

पायाचं प्लास्टर निघालं, लेकीच्या घरी काठी घेऊन चालतेस, हे वाचून फार बरं वाटलं. इथली काळजी सोड. तीस वर्षं लिफ्टची तपासणी केली, तेव्हा तुझ्या कोंबड्या म्हणजे हातचा मळ. खुराड्याला दोन कड्या बसवल्या, वर जाळी ठोकली. रोज सकाळी एकेकीचं वजन करतो.

पण गेल्या नऊ दिवसांत एक अंडं नाही. एकमेकींची पिसं उपटतात. तुझी लाडकी कोंबडी हेडबाई तर मला पाहिलं की भिंतीकडे तोंड करते. माझं काय चुकतंय?

आणखी एक. तू पुन्हा एकटीने राहू नयेस, असं भाचीने कळवलंय आणि मलाही ते पटतं. घराला भाडेकरू बघतो. रागावू नकोस. न्हाणीघरात तीन तास पडून होतीस, ते आठवलं की अजून जीव खालीवर होतो.

लोभ आहेच, तो रागातही टिकावा.
धाकटा

९ मे

चि. धाकट्यास,
आधी कोंबड्यांची कीव, मग तुला अ. उ. आ.

अरे, रोज सकाळी तुला कुणी उचलून तागडीत बसवलं, तर तू तरी अंडं देशील का? कड्या काढ. सकाळी दार उघड, मूठभर दाणे टाक, पाणी भर आणि तुझा चहा पी. त्या उकिरडा उकरतील, धुळीत लोळतील. तीच त्यांची अंघोळ. तिन्हीसांजेला आपण होऊन परततील, तेव्हा दार लाव. एखादी झाडावर बसली तर बसू दे. एखादी जाईलही. बारा वर्षांत माझ्या दोन गेल्या. रडले, पण बाकीच्यांना कोंडलं नाही.

लेक जिवापाड करते, तिचे उपकार फिटायचे नाहीत. पण पाण्याचा पेलासुद्धा हाती येतो. उठले तर कुठे म्हणून विचारते, बसले तर काय होतंय म्हणून. हल्ली मीही भिंतीकडे तोंड करून बसते. मला माझ्या घरी यायचं आहे रे. तू नाही म्हणालास तर भांडणार नाही, तेवढं बळ नाही.

माया कर, पण थोडी लांबून.
ताई

२४ मे

ती. ताईस,
कान धरून सा. न.

कड्या काढल्या. पहिल्याच संध्याकाळी मोजल्या तर सहा. हेडबाई गायब! गल्ली पालथी घातली. तुला काय तोंड दाखवू, या विचाराने जेवण गेलं नाही. सकाळी पाहतो तर बाई अंजिराच्या फांदीवरून उतरल्या, अंग झटकलं आणि दाण्यांवर तुटून पडल्या. घाबरलो होतो मी. ती मजेत होती.

आता रोज चार-पाच अंडी मिळतात. कधी खुराड्यात, कधी माझ्या हत्यारांच्या पेटीत. मी काही केलं नाही, आणि ताई, काही न करण्याइतकं कठीण काम मी आयुष्यात केलेलं नाही.

तुझ्या बाबतीतही भीती माझीच होती. भाचीला तसं लिहिलंय. भाडेकरूचा विषय संपला. न्हाणीघरात धरायला दांडा बसवलाय, तेवढं चालवून घे. ये.

आजवर सांभाळून घेतलंस, यापुढेही घे.
धाकटा

२० जून

चि. लेकीस,
घरी पोचलेल्या आईचे अ. उ. आ.

तू चार महिने माझ्या उशाशी बसलीस म्हणून आज चालते आहे. मला जाऊ दिलंस, ते तर त्याहून मोठं. कोंबड्यांनी ओळख दिली नाही, दाणे मात्र मागितले.

तुझ्या मामाची एकच अट. सकाळी नऊपर्यंत मी पुढची खिडकी उघडायची. नाही उघडली, तरच तो रस्ता ओलांडून येणार.

एरवी मी सहालाच उघडते, पण काल मला गाढ झोप लागली. घाईने खिडकी उघडली तेव्हा पावणेनऊ झाले होते. मामा समोर त्याच्या फाटकाशी उभा. पायात बूट, एका हातात माझ्या घराची किल्ली, दुसऱ्यात घड्याळ. चेहरा पांढराफटक. मला पाहिलं, किल्ली खिशात टाकली आणि आत गेला. किती वेळ तसा उभा होता, देव जाणे.

आभार मानले तर मला वेड्यात काढेल, म्हणून तुला लिहिते. लहानपणापासून तो माझ्यासाठी किती वेळा धावत आला, त्याची गणती नाही. काल तो आला नाही, आणि मी खिडकीशी उभी राहून पोटभर रडले.

तुझाही जीव असाच माझ्यावर राहू दे.
आई