सोळा ग्रॅम ऑक्सिजन

प्रिय वहिनी,

आज रविवार, दुपारचे सव्वाचार. क्लासच्या मुली नुकत्याच घरी गेल्या आणि मी फळा न पुसताच लिहायला बसलो आहे. तुमच्या फळ्यावर आज मी चूक लिहिली, आणि राग मात्र मला तुमचाच आला आहे.

दिवाळीआधी तुम्ही गेलात. तेरवीच्या पंगतीत मामा म्हणाले, "बाई शिकली होती लय. पण कामी काय आलं? चूलच फुकली."

मी तिथेच विचारलं, "मामा, तुमची नात बारावीच्या रसायनशास्त्रात पास झाली, ते कोणाच्या खोलीत बसून?"

मामांनी वाढणाऱ्याकडे बुंदी मागितली.

त्यांचं सोडा. भाऊ काय म्हणाला ते ऐका. धान घरी आलं, तसा म्हणाला, "ते क्लासची खोली खाली कर बे. पोते ठेवाचे आहेत."

"अन् मुली?"

"लाखनीले क्लास आहेत ना."

"तिथली फी त्यांचे बाप देतील?"

"मंग तू शिकवशीन? अकरावी नापास!"

"शिकवतो," मी म्हटलं. तेव्हापासून मला धड जेवण जात नाही.

त्याला तुमचा फळा बघवत नाही, हे मलाही कळतं. मग तसं बोलावं ना! पोत्यांचं नाव कशाला पुढे करावं?

आज वर्गात बसल्याबसल्या सोनलने विचारलं, "नीलेशदादा, मोल कायले पायजे? ग्रॅम आहेत ना." हे मला येत होतं. मी नापास झालो तेव्हा तुम्ही चुलीपुढे सांगितलं होतं: किलोभर बारीक तांदूळ आणि किलोभर ठोकळ तांदूळ, दाणे सारखे भरतील का? वजन सारखं, संख्या वेगळी. रेणू तर एकेक करून मोजताच येत नाहीत, म्हणून वजनावरून त्यांची संख्या काढायची. पदार्थ कोणताही असो, एका मोलमध्ये रेणू तेवढेच. एवढी साधी गोष्ट! कॉलेजात मला ती कोणी सांगितली नाही. भागा, गुणा, पुढचं गणित घ्या. त्याचा संताप अजून जात नाही.

मग मी गणित घातलं. सोळा ग्रॅम ऑक्सिजन वायूत रेणू किती? सोळाला सोळाने भागलं. एक मोल. उत्तर सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.

"दादा, बत्तीसनं भागा," सोनल म्हणाली. "ऑक्सिजनचे अणू जोडीनं राह्यतात. रेणू बत्तीसचा. अर्धाच मोल होते."

भाऊ दारात उभा होता. "झालं का मास्तर? आणू पोते?"

वहिनी, मी कुठे चुकणार ते माझ्याआधी तुम्हाला दिसायचं. मग ही एक चूक कशी राहू दिलीत? आणि मला अर्धवट शिकवून जायची एवढी घाई कशाची होती?

सोनल उठून उभी राहिली. "काकाजी, दादा चुकले ते आम्हाले समजलं ना? मॅडमनं शिकवलं म्हणून समजलं. मंग क्लास बंद काहून?"

भाऊने फळ्यावरचं सगळं वाचलं आणि तो निघून गेला. पोती अजून ओसरीतच आहेत.

तुम्हाला एक शब्द देतो. पुढच्या रविवारपासून फळ्याजवळ सोनल उभी राहील, मग बाकीच्या पाळीपाळीने. मी खाली त्यांच्यात बसेन आणि त्यांच्यासोबत बारावीलाही बसेन, बाहेरून फॉर्म भरून. खोली उघडण्याचं काम माझं. भाऊला येऊन बसावंसं वाटलं, तर त्यालाही भिंतीला टेकून जागा ठेवीन. पोत्यांना मात्र नाही.

तुमचाच,
नीलेश