गळ्याचं माप

प्रिय चिमणे,

आधी तुझं रागावणं उरकून घे. हो, ऑपरेशन झालं आणि तुला कळवलं नाही. तू आली असतीस तर सर्जनलाच शिकवत बसली असतीस, शाळेतली सवय तुझी! महिना झाला, आता मी नेहमीसारखी मशीनवर बसते.

चूक माझीच. वर्षभर माझ्या शर्टाची कॉलर गळ्याला आवळत होती आणि मी, कापड आटतं म्हणून, कापडवाल्याला बोल लावत होते. दोनदा उसवून सैल केली. लोकांचे गळे मोजण्यात जन्म गेला, स्वतःचा मोजायचं सुचलं नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! शेवटी तुझ्या भावजींनी हाताला धरून दवाखान्यात नेलं. थायरॉइडचा कॅन्सर निघाला.

थायरॉइडच्या मागे तांदळाएवढ्या चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड. अंगातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. कॅन्सर त्यातल्या दोघींपर्यंत पोचला होता, त्या काढल्या. तिसरी जागेवर राहिली. चौथी निरोगी होती, पण तिचा रक्तपुरवठा तुटला, म्हणून ती डाव्या हाताच्या स्नायूत लावली. मानेतलं बिऱ्हाड हातात! सुरुवातीला ओठांना मुंग्या यायच्या, बोटं आखडायची. सुईत दोरा जाईना तेव्हा मात्र ढसाढसा रडले गं. शिवणकाम सुटलं तर मी करू काय? मग गोळ्या लागू पडल्या. परवा एका कोटाची काजं हातानं केली. तुझे भावजी चहा गार होईपर्यंत बघत बसले होते. खरंच सांगते, सुखात आहे मी.

मग पत्र कशाला? फोनवर तू ‘बरं बरं’ म्हणून विषय बदलतेस, म्हणून. रक्ताच्या तपासणीत कळलं, हा कॅन्सर आपल्या घरातून आलाय. आईच्या गळ्याची गाठ आपण साधी समजत होतो. तुझ्यातही तो असण्याची शक्यता निम्मी आहे. गेल्या खेपेला तुझं माप घेतलं तेव्हा गळा अर्धा इंच वाढलेला होता, आणि मी ‘सुटलीस गं’ म्हणून हसले. त्या हसण्याची लाज वाटते. मंगळवारी सकाळी दहाची तुझी वेळ घेतली आहे. फक्त रक्त द्यायचं आणि गळा दाखवायचा. सुईला घाबरतेस, ठाऊक आहे. मी शेजारी बसेन. लवकर सापडलं तर पुरतं काढता येतं, असं डॉक्टरीण म्हणाली. आईच्या वेळी कुणाला काही कळलं नाही. तुझ्या वेळी मला कळलंय, चिमणे. ये.

तुझीच,
ताई