सासूबाईंचं गुलाबी एलेचेक

सायकाल बाळा,

मी बाजारात चालले आहे. खोलीची भिंत बदललेली पाहून दचकू नकोस. मॉनिटरमागचा लाल शिर्दक, तो लोकरीचा गालिचा, मीच काढला.

काल नवऱ्या मुलाची आई तू रंग जुळवलेली त्यांच्या लग्नाची फिल्म परत करताना म्हणाली, "माझं पांढरं एलेचेक काय बिटाच्या रश्शात बुचकळून डोक्याला गुंडाळलं होतं?" तू हसलीस खरी, पण मग जेवली नाहीस. सकाळी मी तुझ्या खुर्चीत बसून पाहिलं. शाळेत मी मुलांना लाल कागदाकडे टक लावायला सांगायचे. मग पांढरा कागद त्यांना हिरवट दिसायचा. तुझंही तेच होतंय. डोळ्यासमोर लाल भिंत, म्हणून पडद्यावरचं पांढरं तुला हिरवट वाटतं आणि तू त्यात लाल ओततेस.

तेव्हा नवा महागडा मॉनिटर आणू नकोस. आहे तो चांगला आहे. शेजारचा उलान रंग जुळवायचं यंत्र संध्याकाळी आणून देईल. भिंतीवर करडी घोंगडी लावली आहे, तिच्यावर पांढऱ्या दिव्याचा मंद उजेड सोड. शेवटी एकदा बैठकीतल्या टीव्हीवर बघ, पाहुणे त्यावरच बघतात.

शिर्दक मी केलेला म्हणून तू काढत नव्हतीस, हे कळतं मला. अगं, तो जमिनीवर अंथरायचाच असतो.

मॉनिटरसाठी विकायला म्हणून तू कागदात बांधलेले तुझ्या आईचे चांदीचे झुमके परत पेटीत ठेवलेत. ते तुझ्या लग्नात घाल. तुझ्या लग्नाच्या फिल्मचे रंग मात्र तूच कर, दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस.

तुझी आजी, चोंग-आपा