मांडीखाली हात

तोर्रे, गुरुवार

मित्रवर्य वितालेमास्तर यांस आनिएल्लोचा नमस्कार, आणि तुझ्या गुडघ्यांना वेगळा नमस्कार, कारण मागचं अख्खं पत्र त्यांच्याविषयीच होतं. बेनेव्हेन्तोची थंडी त्यांना मानवते का? लेक जेवताना वाइन देते, की अजून शेजाऱ्याकडे जाऊन प्यावी लागते? आम्ही बरे आहोत, म्हणजे थकलेले आहोत. राकेले पाठीने थकली आहे आणि मी माणसांनी. माझ्या मिशा जिथल्या तिथे आहेत. त्यांच्याविषयी तुझं न्हाव्याचं मत मला ठाऊक आहे, ते पुन्हा लिहू नकोस.

तू मला पास्ताच्या गिरणीच्या दारात बोलताना ऐकलं आहेस. भोंगा नाही, कर्णा नाही, तरी शेवटच्या रांगेतला माणूस रडायचा. (तो तूच होतास, आणि कांद्याची भजी खात होतास, हे मी विसरलेलो नाही.) त्याच दारात मी शपथ घेतली होती, की काढून टाकलेल्या कामगारांना मालक परत घेईपर्यंत या मिशांना वस्तरा लागणार नाही. आता गिरणी गेली आणि सभाही गेल्या. घरी मी तोंड उघडलं की राकेलेला चुलीवरचं काहीतरी आठवतं आणि आपला पोरगा कातेल्लो वर्तमानपत्रात डोकं घालतो. (तू त्याचा धर्मपिता, हे त्याला मीच अधूनमधून सांगतो.) उरली एकटी श्रोती, त्याची मुलगी तितिना. अजून तीन वर्षांची नाही. ठेंगण्या स्टुलावर बसते, डोळ्याची पापणी न हलवता माझ्याकडे बघते आणि मी हात खाली घेतले की टाळ्या वाजवते. या घरात राजकीय जाण असलेली एवढी एकच व्यक्ती आहे, असं मी सगळ्यांना सांगत होतो. बोलत नव्हती, ते खरं. पण कातेल्लोही उशिरा बोलायला लागला, आणि तेव्हापासून काही मोलाचं बोललाय असं नाही.

आता सुनेकडे येतो. एड्डा पार उत्तरेकडच्या त्रेन्तोची, आणि तिकडची माणसं हात खिशात ठेवून बोलतात, जणू उद्या लागतील म्हणून जपून ठेवलेत. ती मुलीला मागून हाक मारायची आणि मुलगी वळायची नाही. हे तिने हिवाळ्यातच आम्हाला सांगितलं. राकेले म्हणाली, "अगं, तू बोलतेस की पुटपुटतेस? हात उचल, बघ कशी धावत येते ती!" आणि खरंच यायची! राकेलेने पाची बोटं जुळवून वरखाली हलवली, की 'काय हवंय गं तुला?' हे तिला कळायचं आणि ती पावाकडे बोट दाखवायची. पास्ता आवडला की गालात बोट रुतवून फिरवायची, नको असेल तर हनुवटीखालून बोटं झटकायची, अगदी आपल्या बाजारातल्या मासेवालीसारखी. आम्ही निष्कर्ष काढला, की मुलगी पक्की इथली आहे आणि आई परकी आहे. वर मी शास्त्रशुद्ध प्रयोगही केला. मुलगी जेवत असताना तिच्या पाठीमागून टेबलावर मूठ हाणली. सूप उडालं आणि तितिनाही उडाली. "ऐकलं!" मी जाहीर केलं. एड्डा सूप पुसत म्हणाली, "बाबा, तुम्ही टेबल हलवलंत. कानात कापूस घालून बसले असते तर मीही उडाले असते." त्यावर मी विज्ञान आणि अफवा या विषयावर बोललो. मुलीने टाळ्या वाजवल्या.

जी बाई आवाज चढवत नाही तिच्याशी भांडायचं कसं, हे मला कुठल्याही पुस्तकात सापडलेलं नाही, आणि मी वाचनालय अर्धं संपवलेलं आहे. ती एवढंच म्हणाली, की येत्या रविवारी पास्ता शिजेपर्यंत सगळ्यांनी हात मांडीखाली घेऊन बसायचं आणि गप्पा मारायच्या. तितिनाला कळल्या, तर ती पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही कळल्या, तर मुलीला नेपल्सच्या डॉक्टरकडे न्यायचं आणि मी भाषण करायचं नाही.

वितालेमास्तर, आपल्याकडची माणसं हातांवर बसलेली तू कधी पाहिलीस का? पोलिसांनी बेड्या घातल्या तरी आपण साखळी वाजवून बोलतो! राकेलेला टोमॅटोचा भाव सांगायचा होता. तिने तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाली, "मला नाही जमत, उघडं पडल्यासारखं वाटतं." कातेल्लोचे खांदेच नाचायला लागले, तर एड्डा म्हणाली, "खांदेसुद्धा नाही." मग मी सुरुवात केली. विषय नळाच्या पाण्याचा, आवाज तोच, गिरणीच्या दारातला. तितिनाने माझ्याकडे पाहिलं, मग आजीकडे, मग बापाकडे. तिने पाच बोटं जुळवली आणि हलवली. 'हे काय चाललंय?' मी एवढ्या मोठ्याने "तितिना, आजोबा बोलतोय गं!" म्हणालो की समोरच्या गॅलरीतून कोण गेलं म्हणून विचारणा झाली. तितिना जागची हलली नाही. मग स्टुलावरून उतरली, माझ्यापाशी आली, माझ्या मांडीखाली आपला हात घातला आणि माझा हात ओढायला लागली. दात ओठ खाऊन ओढला. बाहेर काढून टेबलावर ठेवला, त्याची बोटं एकेक करून उघडली, आणि परत स्टुलावर जाऊन ऐकायला बसली.

पास्ता लगदा झाला. तोर्रेत, आपल्या घरात, पास्ताचा लगदा झाला, राकेलेने तो वाढला आणि आम्ही तो संपवला. यावरून काय ते समज.

परवा नेपल्सला जाऊन आलो. दोन्ही कानांनी फार थोडं ऐकू येतं. कानामागे लावायची यंत्रं मिळतील, ती सवयीची व्हायला वेळ लागेल, पण आत्ता हात धुऊन मागे लागलात तर बोलेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. समोर बसा, चेहऱ्यावर उजेड घ्या, भरपूर बोला, ओरडू नका. मी विचारलं, हात हलवले तर चालतील का? "हलवा की," म्हणाल्या, "पण तोंड दिसलं पाहिजे." जन्मभर सगळ्यांनी मला गप्प बस म्हणून सांगितलं, आणि आता औषध म्हणून बोलायला सांगितलंय. (दुसरं काही औषध नाही का, असं राकेलेने विचारलं.) कातेल्लो मान खाली घालून हिंडतो. एड्डा 'मी म्हणाले नव्हते का' असं अजून एकदाही म्हणालेली नाही. उत्तरेकडच्या लोकांची छळण्याची ही रीत असावी.

दमलो आहे. बाकी ठीक. तुझ्या गुडघ्यांना जप.

तुझा जुना मित्र,
आनिएल्लो

ता. क. डॉक्टरीणबाई माझ्या मिशांकडे बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "यांच्यामागे ओठ आहेत का?" पोरीला ओठ बघूनच शब्द शिकायचे आहेत म्हणे. मी शपथ सांगितली. त्या म्हणाल्या, मालकाला विचारा. मालक मेला, गिरणीचं गॅरेज झालं, काढलेले कामगार पेन्शन खातात. शपथेतून मला सोडवणारं कोणी उरलेलं नाही. इथल्या न्हाव्याकडे गेलो तर दुपारच्या आत गावभर मिरवणूक निघेल. तेव्हा शनिवारी वस्तरा घेऊन ये. शपथ फिटली की मिशा फुकट काढीन, असं मी शपथ घेतली त्याच सभेत ओरडला होतास.

ता. ता. क. तितिनाला आधीच समोर बसवून ठेवीन, नाहीतर नंतर ओळखायची नाही. इतकी वर्षं माझ्या मिशांविषयी जे जे साठवून ठेवलं आहेस ते सगळं बोल, मी अडवणार नाही. फक्त तिच्याकडे तोंड करून सावकाश बोल, आणि हात हलवण्याआधी वस्तरा खाली ठेव.